पुन्हा पुन्हा पेटणारे जोडतारे

‘नवतारा’ हा शब्द जरा फसवा आहे. आकाशात काल जिथे काहीच दिसत नव्हते तिथे आज एक ठळक तारा दिसू लागला, की जुने निरीक्षक त्याला नवा तारा म्हणत आणि तेच नाव पुढे शास्त्रात रूढ झाले. वस्तुतः तो तारा नवा नसतोच. उलट, ज्या ताऱ्याचे आयुष्य केव्हाच संपले आहे अशा एका ताऱ्याचे ते प्रेत असते, आणि शेजारी अजून जिवंत असलेल्या दुसऱ्या ताऱ्याचे इंधन ओढून ते क्षणभर पेटलेले असते. काही जोड्यांत हा प्रकार एकदाच आपल्या पाहण्यात येतो. काही जोड्यांत मात्र तो दहा, वीस किंवा ऐंशी वर्षांनी पुन्हा घडतो; आणि काहींत तर दर दोन-तीन महिन्यांनी, जरा वेगळ्या कारणाने, तारा उसळून उठतो व आठवड्याभरात निवतो. या पुन्हा पुन्हा पेटणाऱ्या ताऱ्यांविषयी चार गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

मी सुरतेत पदार्थविज्ञान शिकवतो. २०२४ साली उत्तर मुकुट या तारकासमूहातील एक तारा आता कोणत्याही रात्री पेटेल अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या, तेव्हा उधना-लिंबायत भागातून येणारी आमची खानदेशी मुले रोज विचारू लागली, “सर, पेटला का?” ते वर्ष सरले, तारा पेटला नाही, आणि मुलांचा पुढला प्रश्न अधिक चांगला होता : “तो पेटणार हे कळते, तर केव्हा पेटणार हे का कळत नाही?” या लेखाचा बराचसा भाग त्या प्रश्नाचे उत्तर देण्यातच खर्च झाला आहे.

प्रथम इतिहास थोडक्यात पाहू. १५ डिसेंबर १८५५ रोजी जॉन रसेल हिंड या इंग्रज ज्योतिर्विदाला मिथुन राशीत नवव्या प्रतीचा एक अनोळखी तारा दिसला. तो थोड्याच दिवसांत मावळला. नवतारा होता, गेला, असे समजून प्रकरण संपले असते. परंतु मार्च १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांना तोच तारा त्याच जागी पुन्हा तेजस्वी झालेला दिसला. हाच ‘यू जेमिनोरम’. सरासरी शंभर दिवसांनी तो उसळतो, पण ही सरासरीच. दोन उसळ्यांमधील अंतर कधी दोन महिने, तर कधी त्याहून पुष्कळ अधिक. पॉगसन हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या संदर्भात माहीत असते. ताऱ्यांच्या प्रतींमध्ये पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पटींचा फरक, हे प्रमाण त्यांनी त्याच १८५६ साली सुचवले, आणि ते आजही चालू आहे. पुढे १८६१ पासून १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली जालक समूहातील एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना हे सांगितले पाहिजे, की १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणावर याच रघुनाथाचारींनी जी पुस्तिका लिहिली ती कन्नडमध्येही निघाली होती. दीडशे वर्षांपूर्वी कन्नड वाचकाला आकाशातील घटना त्याच्या भाषेत समजावून देणारा माणूस स्वतः रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसणारा होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

असो. हे तारे असे का वागतात याचा उलगडा व्हायला मात्र त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. किल्ली सापडली ती ग्रहणातून. १९३४ साली शौरी समूहात एक नवतारा पेटला होता. १९५४ मध्ये मर्ल वॉकर यांनी दाखवले, की त्या ठिकाणी आज उरलेला मंद तारा दर ४ तास ३९ मिनिटांनी काही वेळ आणखी मंद होतो. याचा अर्थ तेथे दोन तारे आहेत आणि एक दुसऱ्याला झाकतो. ४ तास ३९ मिनिटे! सुरतेहून फ्लाइंग राणीत बसून मुंबई गाठेपर्यंत तेथे एक पूर्ण ‘वर्ष’ उलटते. यू जेमिनोरमचा काळ त्याहूनही थोडा कमी, सुमारे ४ तास १५ मिनिटे. इतक्या थोड्या वेळात प्रदक्षिणा पुरी व्हायची, तर केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोन्ही तारे एकमेकांच्या अगदी अंगाला अंग लावून असले पाहिजेत. यू जेमिनोरमच्या दोन ताऱ्यांच्या केंद्रांमधील अंतर आपल्या सूर्याच्या व्यासापेक्षाही कमी आहे. अशा जवळिकीचे परिणाम होणारच. १९६० च्या सुमारास रॉबर्ट क्राफ्ट यांनी एकामागून एक असे तारे तपासले आणि या कुळातील बहुतेक सगळेच तारे जोडतारे असल्याचे स्पष्ट झाले.

जोडीतील एक तारा म्हणजे श्वेत खुजा. सूर्यासारखा तारा आपले अणुइंधन संपवतो, बाहेरचे थर सोडून देतो आणि मागे जो गाभा उरतो तो हा. वस्तुमान सूर्याएवढे, आकार मात्र पृथ्वीएवढा. एका घन सेंटीमीटरचे वजन टनाच्या घरात. तो प्रामुख्याने कार्बन आणि ऑक्सिजन यांचा बनलेला असतो, हे ऐकताच हिरे घासण्याच्या कारखान्यांत ज्यांचे वडील काम करतात ती आमची मुले लगेच कान टवकारतात. पण ज्या ताऱ्यांविषयी आपण बोलत आहोत ते हिरा वगैरे काही नाहीत. शेजारून सतत पडणाऱ्या पदार्थाने ते चांगलेच तापलेले असतात.

दुसरा तारा साधा, सूर्यासारखा किंवा त्याहून लहान असतो. काही जोड्यांत तो फुगलेला तांबडा राक्षसी तारा असतो. खुज्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण त्याच्या बाहेरच्या थरांतील हायड्रोजन ओढून घेते. हा वायू थेट खाली पडत नाही. दोघेही एकमेकांभोवती फिरत असल्यामुळे वायूजवळ कोनीय संवेग असतो, आणि तो टाकल्याशिवाय त्याला आत जाता येत नाही. म्हणून तो खुज्या ताऱ्याभोवती गरगर फिरत राहतो व त्याची एक तबकडी बनते. या तबकडीत आतला वायू जलद आणि बाहेरचा सावकाश फिरतो. त्यांच्या घासण्याने थोडाथोडा संवेग बाहेर सरकतो आणि वायू थोडाथोडा आत उतरतो.

येथपर्यंतची रचना दोन्ही प्रकारच्या ताऱ्यांत एकच. यापुढे वाटा फुटतात, आणि विद्यार्थ्यांच्या मनातला गोंधळही येथूनच सुरू होतो. यू जेमिनोरमसारख्या ताऱ्यांत, म्हणजे ज्यांना खुजे नवतारे म्हणतात त्यांत, जे पेटते ती तबकडी. खऱ्या नवताऱ्यांत पेटतो तो श्वेत खुज्याचा पृष्ठभाग. पहिल्यात अणुकेंद्रीय क्रियेचा काही संबंध नाही.

तबकडीची गोष्ट समजावून देताना मी सुरतेत नेहमी उकाई धरणाचा दाखला देतो. तापीचे पाणी धरणात येत राहते, पातळी चढत राहते, खाली नदी शांत असते. एका पातळीनंतर दरवाजे उघडावे लागतात आणि मग खाली जे येते ते नदीच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट असते. ऑगस्ट २००६ मध्ये सुरतेचा फार मोठा भाग असा पाण्याखाली गेला होता. त्यामुळे येथे हा दाखला कोणाला फोड करून सांगावा लागत नाही. बेळगावकडील वाचकांनी हिडकल डोळ्यांसमोर आणावे. तबकडीतही बाहेरून वायू येत राहतो. तो थंड असतो तोवर त्याचे घर्षण कमी, म्हणून आत थोडाच जातो आणि बाकीचा साठत राहतो. साठा वाढला की तापमान वाढते. काही हजार अंशांवर हायड्रोजनचे अणू फुटून त्यांचे इलेक्ट्रॉन मोकळे होऊ लागतात, आणि तसे होताच वायूचे घर्षण एकाएकी वाढते. घर्षण वाढले की उष्णता वाढते, उष्णता वाढली की घर्षण आणखी वाढते. ही तापण्याची लाट तबकडीभर पसरते व साठलेला माल धो धो आत कोसळतो. तारा पाच प्रतींनी उजळतो. तबकडी रिकामी झाली, ती निवली, की पुन्हा साठवण सुरू. फरक एवढाच, की धरणाचे दरवाजे माणूस उघडतो, येथे ते पाण्याच्याच उष्णतेने उघडतात. ही कल्पना जपानच्या योजी ओसाकी यांनी १९७४ साली मांडली आणि घर्षण एकाएकी का वाढते याची फोड पुढल्या काही वर्षांत झाली.

कल्पना सुंदर आहे; परंतु ती एकदा चांगलीच संकटात सापडली होती. हंस समूहातील ‘एसएस सिग्नी’ हा या कुळातील सर्वांत प्रसिद्ध तारा. सुमारे सात-आठ आठवड्यांनी तो बाराव्या प्रतीवरून आठव्या प्रतीवर येतो, म्हणजे चाळीस पट तेजस्वी होतो. १९९९ साली हबल दुर्बिणीने त्याचे अंतर मोजले ते सुमारे ५२० प्रकाशवर्षे आले. तारा इतका दूर असेल तर त्याचे खरे तेज इतके मोठे ठरत होते, की त्याच्या तबकडीत एवढा वायू येत असला पाहिजे, की तिने कायम तापलेलेच राहायला हवे. धरणात आवक इतकी, की दरवाजे बंद करायची सोयच नाही. मग उसळ्या कशा? एक तर मोजमाप चुकीचे, नाहीतर सिद्धांत. २०१३ साली रेडिओ दुर्बिणींच्या साहाय्याने नव्याने अंतर काढले गेले ते सुमारे ३७० प्रकाशवर्षे. अंतर कमी झाल्यामुळे खरे तेज निम्म्यावर आले आणि सिद्धांत वाचला. पुढे गाया उपग्रहाच्या मोजमापानेही तेच अंतर कायम केले. यातली गंमत अशी, की हा तारा रेडिओलहरी फक्त उसळीच्या वेळी पुरेशा देतो. उसळी केव्हा सुरू झाली हे मोठ्या दुर्बिणींना कळवले कोणी? घरच्या लहान दुर्बिणीतून रोज रात्री त्या एका ताऱ्याकडे पाहणाऱ्या हौशी निरीक्षकांनी.

आता खऱ्या नवताऱ्याकडे वळू. तबकडीतून उतरलेला हायड्रोजन श्वेत खुज्याच्या पृष्ठभागावर थराथराने साचतो. थर जाड होतो तसा त्याच्या तळाशी दाब आणि तापमान वाढते, आणि तापमान एक कोटी अंशांच्या पुढे गेले की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. सूर्याच्या पोटात हेच चालते, पण सूर्य फुटत नाही. का? सूर्यात उष्णता वाढली की वायू प्रसरण पावतो आणि प्रसरणाने निवतो. कुकरची शिट्टी वर उचलली जाऊन वाफ निघून जावी, तसे. श्वेत खुज्याच्या पृष्ठभागावरील दाटीत द्रव्य ‘अपकृष्ट’ अवस्थेत असते. त्याचा दाब घनतेवर अवलंबून असतो, तापमानावर जवळजवळ नाही. म्हणजे शिट्टी अडकलेला कुकर! उष्णता वाढते, पण प्रसरण होत नाही. म्हणून क्रिया आणखी जलद होते, तापमान दहा कोटी अंशांवर जाते, आणि द्रव्याची ती अवस्था सुटेपर्यंत उशीर झालेला असतो. सगळा थर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. खुजा तारा स्वतः मात्र शाबूत राहतो, शेजारीही राहतो, आणि वायूची आवक पुन्हा सुरू होते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. नवतारे खरे पाहता सगळेच पुन्हा पेटणारे. प्रश्न फक्त किती काळाने एवढाच. खुजा तारा हलका असेल तर पेट घेण्याइतका थर साचायला हजारो वर्षे लागतात. तो जितका जड, तितके त्याच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण तीव्र आणि तितका थोड्या थरानेच भडका. म्हणून माणसाच्या आयुष्यात दोनदा पेटलेला नवतारा दिसला, तर त्यातील खुजा तारा अतिशय जड असला पाहिजे. देवयानी दीर्घिकेत तर जवळजवळ दरवर्षी पेटणारा एक नवतारा २००८ सालापासून माहीत झाला आहे.

आणि ‘अतिशय जड’ या शब्दांना येथे सीमा आहे. ३१ जुलै १९३० रोजी मुंबईच्या बंदरातून एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी बोटीने इंग्लंडला निघाला. त्या प्रवासात त्याने केलेल्या गणितातून असे निघाले, की श्वेत खुज्याचे वस्तुमान एका ठरावीक मर्यादेपुढे जाऊच शकत नाही. हे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. आणि ती मर्यादा, आजच्या आकड्यांत, सूर्याच्या सुमारे १.४ पट. कार्बन-ऑक्सिजनचा खुजा तारा त्या मर्यादेपर्यंत पोचला, की पृष्ठभागच नव्हे तर सबंध तारा पेटतो आणि त्याचे काहीही उरत नाही. अतिनवताऱ्यांचा एक महत्त्वाचा प्रकार असा घडतो असे मानतात, आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजायला हाच प्रकार मापदंड म्हणून वापरतात. म्हणून आपल्या शेजारच्या या जड खुज्या ताऱ्यांचा जमाखर्च महत्त्वाचा ठरतो. प्रत्येक भडक्यात जेवढे साचले तेवढे सगळे उडून जाते, की थोडे शिल्लक राहते? शिल्लक राहत असेल तर तारा हप्त्याहप्त्याने आपल्या अंताकडे चालला आहे.

या जमाखर्चाची वही ज्या ताऱ्यावरून सर्वांत बारकाईने वाचली गेली तो म्हणजे भुजंगधारी समूहातील ‘आरएस ऑफियुकी’. आणि त्या वाचनात आपल्या पश्चिम भारताचा वाटा मोठा आहे. हा तारा १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ साली पेटलेला पाहिला गेला. १८९८ चा भडका तर कोणाला त्या वेळी कळलाच नाही. हार्वर्ड वेधशाळेच्या छायाचित्रांच्या काचांवरून विल्यमिना फ्लेमिंग यांना तो मागाहून सापडला. (त्याच १८९८ च्या जानेवारीत पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहणाचा वेध घेत होते. आपल्याकडे साधने अगदीच नव्हती असे नाही.) वर दिलेल्या सालांतील अंतरे पाहा : ३५, २५, ९, १८, २१, १५ वर्षे. याला घड्याळाचा नियमितपणा म्हणता येत नाही. शेजाऱ्याकडून येणारा वायू कमीजास्त होतो, म्हणून थर भरायचा काळही बदलतो. “केव्हा पेटणार हे का कळत नाही,” याचे अर्धे उत्तर यात आहे.

या जोडीतील दुसरा तारा तांबडा राक्षसी आहे आणि प्रदक्षिणेला सुमारे ४५४ दिवस लागतात. राक्षसी ताऱ्याच्या अंगावरून सतत वायूचा मंद वारा वाहत असतो. सगळी जोडी त्या वाऱ्यात बुडालेली असते. त्यामुळे भडका उडाला की फेकलेले द्रव्य मोकळ्या अवकाशात न जाता या वायूवर आदळते आणि आघात-तरंग निर्माण होतो. अतिनवताऱ्याच्या बाबतीत जे शेकडो वर्षे चालते, ते येथे काही आठवड्यांत डोळ्यांदेखत घडते.

१२ फेब्रुवारी २००६ रोजी जपानी हौशी निरीक्षकांनी तारा पेटल्याची बातमी दिली. अकराव्या प्रतीवरून तो साडेचारपर्यंत आला होता, म्हणजे चारशे पट तेज. अबूच्या पहाडावर गुरुशिखर येथे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण आहे. तेथून दास, बॅनर्जी आणि अशोक यांनी लागोपाठ वर्णपट घेतले. वर्णपटातील हायड्रोजनच्या रेषा सुरुवातीला पुष्कळ रुंद होत्या आणि दिवसागणिक अरुंद होत गेल्या. रेषेची रुंदी म्हणजे द्रव्याचा वेग. तो कमी होत होता, कारण आघात-तरंग वाऱ्यातला वायू पुढे लोटत चालला होता. गर्दीच्या बाजारातून धावणाऱ्या माणसासारखा तो मंदावत होता, आणि ते मंदावणे मोजले गेले.

गुरुशिखरावरून जवळजवळ सरळ दक्षिणेस सुरत आहे, आणि तेथून आणखी आग्नेयेस, जुन्नर तालुक्यात, खोडद. नारायणगाव म्हटले की आपल्याला तमाशाचे फड आठवतात. पण त्याच परिसरात, पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जगातील एक मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी एकत्र आणि सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, शेतांच्या बांधाबांधाने. पत्र्याऐवजी दोरांवर ताणलेली तारेची जाळी वापरून त्या हलक्या आणि स्वस्त केल्या आहेत. लांब रेडिओतरंगांना जाळी आणि पत्रा यांत फरक वाटत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी केंद्रातील निमिषा कंथारिया आणि बंगळूरच्या भारतीय खभौतिकी संस्थेतील जी. सी. अनुपमा, तुषार प्रभू प्रभृतींनी ही दुर्बीण त्या ताऱ्याकडे वळवली. भडक्यानंतर विसाव्या दिवशी ६१० मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे सुमारे अर्धा मीटर लांबीच्या तरंगांत, तारा ‘ऐकू’ आला. अडतिसाव्या दिवशी तो ३२५ मेगाहर्ट्‌झवरही मिळाला. या ताऱ्याचा इतक्या लांब तरंगांतील वेध यापूर्वी कोणाला लागला नव्हता. आणि खरी गोष्ट पुढेच आहे : १९८५ च्या भडक्यात जवळजवळ याच तरंगलांबीवर शोध घेतला गेला होता आणि सहासष्टाव्या दिवसापर्यंत काहीही मिळाले नव्हते. तारा तोच, भडका त्याच जातीचा. मग १९८५ साली आवाज गेला कुठे?

तापलेला, आयनीभूत वायू रेडिओतरंग गिळतो, आणि तरंग जितके लांब तितके अधिक गिळतो. तेव्हा आघात-तरंगाच्या पुढे उभा असलेला राक्षसी ताऱ्याचा वारा १९८५ मध्ये दाट होता आणि २००६ मध्ये विरळ. किती विरळ? या संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे २००६ मधली घनता १९८५ च्या सुमारे ३० टक्केच. एका न ऐकू आलेल्या आवाजावरून हजारो प्रकाशवर्षांवरील वाऱ्याचा वीस वर्षांतील फरक काढला गेला! मला यात विशेष वाटते ते १९८५ च्या निरीक्षकांचे. त्यांना काही सापडले नव्हते; तरी ‘सापडले नाही’ हे त्यांनी दिवस, तरंगलांबी आणि मर्यादा यांसह नीट छापून ठेवले. ते नसते तर खोडदच्या मोजमापाला तुलनेसाठी दुसरी बाजूच नव्हती.

८ ऑगस्ट २०२१ रोजी हा तारा पुन्हा पेटला. ऐन पावसाळा, सुरतेहून किंवा पुण्याहून डोळ्यांनी काही दिसण्याची आशाच नव्हती. रेडिओतरंगांना ढगांचा अडसर नसल्यामुळे खोडदचे काम चालू राहिले. या खेपेस नामिबिया आणि कॅनरी बेटांतील दुर्बिणींना या ताऱ्यापासून अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरण मिळाले. कोणत्याही नवताऱ्यापासून असे किरण मिळण्याची ती पहिलीच वेळ. जमाखर्चाच्या वहीबद्दल म्हणाल, तर यातील खुजा तारा चंद्रशेखर-मर्यादेच्या अगदी जवळ आहे आणि भडक्यात उडणारे द्रव्य जमेपेक्षा थोडे कमी आहे, असे मानणारे संशोधक पुष्कळ आहेत. मलाही त्यांचीच बाजू पटते. परंतु तो खुजा तारा कार्बन-ऑक्सिजनऐवजी ऑक्सिजन-निऑनचा असेल, तर तो फुटण्याऐवजी आतल्या आत कोसळून न्यूट्रॉन तारा होईल. शेवट दोन्हीकडे आहे, पण एकात ढोल वाजेल आणि दुसऱ्यात नाही.

आता मुलांनी विचारलेला तो मुकुटातला तारा, ‘टी कोरोनी बोरिॲलिस’. १२ मे १८६६ रोजी आयर्लंडमधील जॉन बर्मिंगहॅम यांनी तो दुसऱ्या प्रतीचा झालेला पाहिला. विल्यम हगिन्स यांनी लगेच त्याचा वर्णपट तपासला आणि नवताऱ्याचा वर्णपट प्रथमच अभ्यासला गेला. नंतर तो दहाव्या प्रतीवर जाऊन झोपला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये पुन्हा पेटला. अमेरिकेतील लेस्ली पेल्टिअर हे हौशी निरीक्षक पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्याच्यावर पहारा ठेवून होते. भडक्याच्या रात्री ते गजर लावून उठले, थंडी आणि सर्दीची कणकण जाणवली, आणि पुन्हा पांघरूण घेऊन झोपले. तारा त्याच रात्री पेटला! ऐंशी वर्षांचे अंतर आणि १९४६ च्या आधी दिसलेली तेजातील चढउतार पुन्हा दिसू लागल्यामुळे २०२४ चा अंदाज बांधला गेला होता. परंतु दोन भडक्यांमधले एकच अंतर हाती असताना काढलेली सरासरी किती विश्वसनीय, हे आपल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यानेही सांगावे. ‘केव्हा’ कळत नाही याचे उरलेले अर्धे उत्तर हेच.

सुरतेला या बाबतीत एक जुना दाखला आहे. ३ नोव्हेंबर १६५१ रोजी जेरेमी शेकर्ली या इंग्रज ज्योतिर्विदाने सुरतेहून दुर्बिणीतून बुधाचे अधिक्रमण पाहिले. ते इंग्लंडातून दिसणार नाही हे त्याला आधीच गणिताने माहीत होते. ग्रहांचे वेळापत्रक असते. दिवस आणि स्थळ ठरवून समुद्र ओलांडता येतो. आपल्या जोडताऱ्यांसाठी मात्र आपल्या गच्चीवरच, रोज, थांबावे लागते.

ते अवघडही नाही. बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखणारे राधागोविंद चंद्र यांनी नोकरी सांभाळून रूपविकारी ताऱ्यांची सदतीस हजारांवर निरीक्षणे अमेरिकेतील निरीक्षक संघटनेकडे पाठवली. त्या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली होती. आपल्याकडे १९४४ साली स्थापन झालेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था नवशिक्यांना हात धरून हे शिकवत आली आहे. मुकुटातला तारा सुरतेच्या माथ्यापासून जेमतेम पाच अंश उत्तरेस आणि बेळगावच्या माथ्यापासून दहा अंश उत्तरेस जातो. मेच्या अखेरीस मध्यरात्री तो डोक्यावर असतो. स्वाती आणि अभिजित यांच्या मधे, स्वातीच्या जरा जवळ, अर्धवर्तुळाकार मांडलेले तारे म्हणजे उत्तर मुकुट. त्यातील सर्वांत ठळक तारा २.२ प्रतीचा, पेटल्यावर आपला तारा साधारण तेवढाच दिसेल, आणि आठवड्याभरात नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होईल. अर्धवर्तुळाच्या पूर्व टोकाजवळच्या ४.१ प्रतीच्या ताऱ्यापासून जेमतेम एक अंशावर त्याची जागा आहे.

निरीक्षणाची रीत सोपी आहे. ज्यांच्या प्रती माहीत आहेत असे दोन तारे घ्यावेत, एक आपल्या ताऱ्याहून थोडा तेजस्वी, एक थोडा मंद. आणि आपला तारा त्या दोघांच्या मधे कुठे बसतो ते दशांशात लिहावे. तारा दिसलाच नाही, तर त्या रात्री दिसलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत लिहून तिच्यामागे ‘पेक्षा मंद’ असे चिन्ह करावे. भडका नेमका कोणत्या तासांत सुरू झाला हे याच नोंदींवरून ठरते. वेळ जागतिक वेळेत द्यायची असते, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. पहाटे साडेपाचच्या आधीच्या प्रत्येक नोंदीवर तारीख आदल्या दिवसाची घालावी.